पिशवी काढणे हा पोटदुखीवरचा इलाज नव्हे

दिवाळीच्या आसपास बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत दिवस बुडवायची सोय नाही. बुडवला तर खाडा, म्हणजे दंड. त्यामुळे पाळीत ओटीपोटात कळा येत असल्या तरी बाईला मोळी उचलावीच लागते. वर्षानुवर्षे हे सोसल्यावर कोणीतरी सुचवते, 'पिशवी काढून टाक, दर महिन्याची कटकट जाईल.'

२०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

ज्या दुखण्यांपायी बाया शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात, त्यांतली बरीचशी साध्या उपायांनी आटोक्यात येतात. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांनी स्नायू आवळतात, रक्तपुरवठा घटतो आणि कळ उठते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड यांसारख्या गोळ्या ही द्रव्ये तयार होणेच रोखतात. म्हणून दुखणे सुरू होताच, खाऊन घेतल्यावर त्या घ्याव्यात. पोटात व्रण, दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही चांगला गुण देतो.

अंगावरून पांढरे जाणे, ताप आणि ओटीपोटात दुखणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. तपासणी करून प्रतिजैविके दिली, तर तो बरा होतो. फडावर शौचालय नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि तेही पोटातच दुखते. दर महिन्याला दुखणे वाढतच चालले असेल तर एंडोमेट्रिओसिस किंवा गाठींची शंका घेऊन सोनोग्राफी करावी. पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर आली, किंवा उजवीकडे खाली दुखून ताप-उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कर्करोग असेल किंवा इतर उपचारांनीही न थांबणारा रक्तस्राव असेल, तर गर्भाशय काढणे योग्यच. पण तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावणे हा अपराध आहे. सोबत बीजांडकोषही काढले तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि उसाचा फड तर तिला सुटत नाहीच.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. नुसत्या कागदाने फडावरच्या बाईची कळ थांबणार नाही. येत्या गाळप हंगामाआधी साखर कारखान्यांनी तळावर शौचालय, पिण्याचे पाणी आणि महिला डॉक्टरची फेरी यांची सोय करावी, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करावा. तोवर प्रत्येक बाईने, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरांना एवढे विचारावेच: माझ्या दुखण्याचे कारण काय, आणि पिशवी न काढता त्यावर कोणते उपचार आहेत? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर सही न करता सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यावा.