काजू पिकवणाऱ्यांचा भात
गिनी-बिसाऊ हा पश्चिम आफ्रिकेतला वीस-बावीस लाख वस्तीचा देश. त्याच्या निर्यात उत्पन्नात एकट्या काजूचा वाटा सुमारे 90 टक्के, आणि तोही बहुतांशी टरफलासकट, कच्चाच भारत-व्हिएतनामला जातो. मार्च ते जून बायका-मुले झाडाखाली पडलेली बोंडे वेचतात, पिरगाळून बी काढतात, वाळवतात. दारी आलेल्या व्यापाऱ्याला पोते द्यायचे, बदल्यात बरेचदा तांदूळच घ्यायचा. भाव तो सांगेल तो. काजू उतरला, तांदूळ चढला की ऐन पावसाळ्यात घरातले एक जेवण कमी होते. 2020 च्या टाळेबंदीत तर परदेशी खरेदीदारच वेळेवर पोहोचले नाहीत.

कोकणातल्या अनेक कारखान्यांत आफ्रिकन बी फोडली जाते. तिच्यामुळे आपला भाव पडतो, ही इथल्या बागायतदारांची तक्रार खरीच आहे. पण त्याच सौद्यात तिकडचा शेतकरीही नाडला जातो. फोडणी, सोलणी, प्रतवारी तिथेच झाली तर मजुरी त्यांच्या गावात राहील. त्यासाठी वीज, रस्ते आणि परवडणारे कर्ज हवे. काजूची यंत्रे आणि कसब दोन्ही भारताकडे आहेत. ती देण्यात दिल्लीने हात आखडता घेऊ नये.