नदाल नव्हता म्हणून!

२००९ च्या विम्बल्डनचा विषय निघाला की एक वाक्य ठेवलेलंच असतं - "हो, पण नदाल नव्हता ना!" फेडररने त्या वर्षी पंधरावं ग्रँड स्लॅम जिंकलं, पीट सॅम्प्रसचा चौदांचा विक्रम मोडला, खुद्द सॅम्प्रस तिथे बसून ते बघत होता... आणि आमचे पंडित चहाचा कप खाली ठेवून शांतपणे सांगणार, की तसं बघायला गेलं तर ते खरं विजेतेपद नव्हेच. इतक्या वेळा ऐकलंय, की राग येण्याऐवजी आता या वाक्याची एकदा नीट झडती घ्यावी असं वाटतं. (राग येतो तो येतोच.)

आधी जे मान्य करायचं ते करून टाकतो. तगडा प्रतिस्पर्धी दुखापतीने बाहेर पडला की जिंकण्याची शक्यता वाढते. वाढणारच. पण किती? समजा, तुमची फायनल गाठण्याची शक्यता निम्मी आहे. फायनलला समोर तोच येण्याची शक्यता ६० टक्के, त्याला हरवण्याची ४० टक्के, आणि दुसरा कुणी समोर असेल तर जिंकण्याची ७० टक्के. करा हिशोब. तो खेळत असताना तुमच्या विजेतेपदाची शक्यता येते २६ टक्के. तो घरी बसला की ३५. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण चित्र फारसं बदलणार नाही. फायदा आहे, बऱ्यापैकी आहे, पण शंभरातल्या पासष्ट वेळा तुम्ही तरीही हात हलवत परत जाणार! कारण प्रतिस्पर्ध्याच्या वाटणीची संधी एकट्या तुम्हाला मिळत नाही. ती उरलेल्या सगळ्यांत वाटली जाते.

ही वाटणी कशी होते ते २००९ मध्येच बघा. नदालने माघार जाहीर केली १९ जूनला, स्पर्धा सुरू व्हायला तीन दिवस असताना. ड्रॉ निघालेला होता. मग नियमाप्रमाणे त्याच्या रिकाम्या जागी पाचवा मानांकित डेल पोत्रो गेला, डेल पोत्रोच्या जागी सतरावा मानांकित जेम्स ब्लेक गेला, आणि खाली अशीच हलवाहलव झाली. यात फेडररचा एवढाच फायदा झाला, की डेल पोत्रो त्याच्या बाजूतून उठून वरच्या बाजूला गेला. नदाल काही फायनलच्या आधी फेडररला भेटणार नव्हता. मग नदालच्या वाटेत खरं कोण होतं? अँडी रॉडिक! सहावा मानांकित. ड्रॉच्या त्याच पाव भागात. नदाल खेळता आणि दोघे आपापले सामने जिंकत गेले असते, तर उपांत्यपूर्व फेरीतच त्यांची गाठ होती. म्हणजे नदालच्या गुडघ्यांनी सगळ्यात मोठं दार उघडून दिलं ते रॉडिकला. पण "नदाल नव्हता म्हणून रॉडिक फायनलला गेला" असं म्हणताना मी एकालाही ऐकलेलं नाही. कारण उघड आहे. रॉडिक हरला. हरलेल्याच्या नशिबाचा हिशोब कोण मांडतो?

आणि नदालच्या जागेवर बसलेल्या डेल पोत्रोचं काय झालं? दुसऱ्या फेरीत लेटन ह्युइटने त्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं.

ही रिकाम्या जागेची मोठी गंमत असते. २०१६ ला फ्रेंच ओपनमध्ये नदालने मनगटामुळे माघार घेतली, ग्रानोयेर्सला पुढे चाल मिळाली. पुढच्याच सामन्यात थीमने त्याला हरवलं. २०२२ ला विम्बल्डनच्या उपांत्य सामन्याआधी नदालच्या पोटाचा स्नायू फाटला, किरियॉस रॅकेट न उचलता फायनलला पोचला. तिथे पहिला सेट जिंकून जोकोविचकडून हरला. २०२४ ला पॅरिसमध्ये जोकोविचचा गुडघा गेला, कॅस्पर रूडला उपांत्य फेरी आयती मिळाली. तीही तो झ्वेरेव्हकडून हरला. (रूडचं पोट बिघडलेलं होतं म्हणे. घ्या! आता झ्वेरेव्हच्या विजयालाही एक फुली मारा.) चार उदाहरणं म्हणजे नियम नव्हे, हे मलाही कळतं. पण रिकामी खुर्ची म्हणजे सिंहासन नव्हे, एवढं समजायला चार पुरेत.

उलट, मोठा प्रतिस्पर्धी गेला की अंगावर एक वेगळंच ओझं येतं. ते बघायचं तर त्याच वर्षीचं पॅरिस बघा. ३१ मे २००९ ला सॉडरलिंगने नदालला चौथ्या फेरीत हरवलं. त्याआधी नदाल त्या मातीवर एकही सामना हरला नव्हता, सलग एकतीस जिंकला होता. फेडररला त्याने ओळीने तीन फायनलमध्ये तिथेच धूळ चारली होती. आता वाट मोकळी! सगळं जग म्हणायला लागलं, आता नाही तर कधीच नाही. आणि दुसऱ्याच दिवशी टॉमी हाससमोर फेडरर दोन सेट पिछाडीवर. तिसऱ्या सेटमध्ये ब्रेक पॉइंट हासकडे. तो गेला असता तर हास सामन्यासाठी सर्व्हिस करणार होता. फेडररने फोरहँड मारला, आत पडला, आणि तिथून तो सामना फिरला. आत पडला नसता तर? तर पंडित म्हणाले असते, बघा, नदाल नसतानाही जिंकता येत नाही याला! म्हणजे हरलास तर तुझी लायकी आणि जिंकलास तर नदालचे गुडघे. वा रे न्याय!

आता त्या गुडघ्यांकडे येतो. "नदाल पूर्ण तंदुरुस्त असता तर" असं म्हणतात तेव्हा हे लोक नेमक्या कोणत्या नदालबद्दल बोलत असतात? २००८ च्या. त्या अंधारत चाललेल्या सेंटर कोर्टावर पाचव्या सेटमध्ये ९-७ ने जिंकलेल्या. तो २००९ च्या जूनमध्ये अस्तित्वातच नव्हता. जो होता तो स्पर्धेच्या तोंडावर दोन सरावाचे सामने खेळला, ह्युइट आणि वावरिंका दोघांशी हरला, आणि गुडघे साथ देत नाहीत हे ओळखून घरी गेला. त्याच वर्षी माँटे कार्लो, बार्सिलोना, रोम जिंकून झालं होतं. माद्रिदला जोकोविचशी उपांत्य सामना चार तासांच्या वर चालला होता. प्रत्येक चेंडूमागे धावायचं, हरलेला पॉइंट पुन्हा खेचून आणायचा, ही त्याची ताकद. पण ती ताकद फुकट मिळत नव्हती. तिचं बिल गुडघ्यांच्या नावावर फाटत होतं. गुडघे हे त्याच्या खेळाच्या बाहेरचं काहीतरी, वरून कोसळलेलं संकट, असं कसं म्हणता? सर्व्हिस जशी खेळाचा भाग तसंच सात सामने शरीर टिकवणं हाही खेळाचाच भाग. नदालला हे पंडितांपेक्षा चांगलं कळतं. २०१० ला तो परत आला आणि विम्बल्डन जिंकला. त्या वर्षी फेडरर उपांत्यपूर्व फेरीत बर्डिचकडून हरला आणि पाठ-पाय दुखत होते म्हणाला. "फेडररची पाठ दुखत होती म्हणून" हे वाक्य मात्र मी आजवर कुणाकडून ऐकलं नाही. असो.

इथे कुणीतरी मोनिका सेलेसचं नाव काढणार, आणि काढायलाच हवं. ३० एप्रिल १९९३, हॅम्बुर्ग. स्टेफी ग्राफच्या एका माथेफिरू चाहत्याने भर सामन्यात सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आठ ग्रँड स्लॅम जिंकलेली, जगात पहिली. ती दोन वर्षांहून जास्त खेळली नाही, आणि पुढची चारही ग्रँड स्लॅम ग्राफने जिंकली. इथे माझं वरचं गणित वगैरे मी गुंडाळून ठेवतो. हे झिजलेले गुडघे नव्हते, हा गुन्हा होता, आणि तो नेमका हा निकाल बदलण्यासाठीच केलेला होता. सेलेसचं जे गेलं ते कुणीच भरून देऊ शकत नाही. पण म्हणून ग्राफच्या त्या चार विजेतेपदांतून काही वजा करायचं? तिने काय करायला हवं होतं, खेळणं सोडून द्यायचं? आणि मुख्य म्हणजे सुरा आणि टेंडिनायटिस एकाच तागडीत घालणाऱ्यांना मी काय सांगणार! सेलेसचं नाव घेऊन फेडररचा हिशोब करणं हा सेलेसचाच अपमान आहे.

प्रतिस्पर्ध्याच्या दुखापतीने विजेतेपद अक्षरशः हातात आणून दिलं, असं उदाहरण विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत हवंच असेल तर १९३१ सालात जावं लागेल. फ्रँक शील्ड्स पायाच्या दुखापतीमुळे फायनलला उतरलाच नाही आणि एकोणीस वर्षांचा सिडनी वुड न खेळता विजेता झाला. तिथे म्हणा खुशाल, मी ऐकून घेईन. तरी वुडने उपांत्य फेरीत फ्रेड पेरीला हरवलं होतं, तेवढं लक्षात ठेवून म्हणा.

फेडरर मात्र फायनल खेळला. आणि माझा खरा राग इथे आहे.

५ जुलै २००९. समोर रॉडिक, ज्याला त्याने तोवर वीसपैकी अठरा वेळा हरवलं होतं. रॉडिकने आधी ह्युइटला पाच सेटमध्ये काढलं होतं, मग अख्खं इंग्लंड पाठीशी असलेल्या मरेला. पहिला सेट त्याने ७-५ असा घेतला. दुसऱ्याच्या टायब्रेकमध्ये ६-२ पुढे, हातात चार सेट पॉइंट. शेवटच्या पॉइंटला उंच आलेली बॅकहँड व्हॉली बाहेर गेली आणि सेट गेला. दुसरा कुणी तिथेच कोसळला असता. हा पाचव्या सेटपर्यंत गेला. फेडररने पन्नास एस मारल्या. १०-१०, ११-११, १२-१२... विम्बल्डनला तेव्हा पाचव्या सेटमध्ये टायब्रेक नव्हता. रॉडिक दर वेळी मागून सर्व्हिस करत होता, म्हणजे दर वेळी हरण्याच्या उंबऱ्यावरून, आणि दर वेळी ती राखत होता. सदतीस वेळा त्याने सर्व्हिस राखली. अडतिसाव्या वेळी, सामन्याच्या ७७ व्या गेममध्ये, ती पहिल्यांदा गेली. ती गेली आणि सगळंच गेलं. १६-१४. बक्षीस समारंभात त्याने सॅम्प्रसची माफी मागितली, की मी तुझा विक्रम वाचवायचा प्रयत्न केला. हसत हसत.

"नदाल नव्हता म्हणून" या वाक्याने फेडररचं काहीच बिघडत नाही, त्याच्याकडे करंडक आहे. पुसला जातो तो हा माणूस. चार तास सोळा मिनिटं तो कोर्टावर उभा होता, आणि पंडितांच्या मते समोर कुणी नव्हतंच! हरलेल्याकडे आपण कसे हरलो याखेरीज असतं काय? त्याची ती हारही काढून आम्ही न आलेल्या माणसाच्या नावावर करून टाकली. रॉडिक त्यानंतर पुन्हा कधी ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोचला नाही, २०१२ च्या अमेरिकन ओपननंतर त्याने रॅकेट ठेवली. पुढच्या वेळी कुणी नदालचं नाव काढलं, तर मी त्याला फक्त त्या पाचव्या सेटचा स्कोअर विचारणार आहे.