विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास

सोनपेठहून मालवण रस्त्याने ५०० किलोमीटरांच्याही पुढे. पण दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे हा विषय निघाला की हल्ली आमच्या घरातली मुले एका सुरात म्हणतात, "स्कूबा!" पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली हिंडण्याचा हा प्रकार. वडीलधाऱ्यांचा विरोधही फार टिकत नाही. "पोरं विहिरीत पोहायला शिकलीत, त्यांना समुद्राचं काय भय?" असे म्हणून परवानगी मिळते.

वाचकहो, गोम नेमकी इथेच आहे.

आमच्याकडे पोहणे शिकायचे ते विहिरीत. पाठीला भोपळा बांधायचा, थोरल्याने काठावरून ढकलायचे आणि पोराने गटांगळ्या खात हातपाय मारायचे. पुढे तो तळाची माती मुठीत घेऊन वर आला की पट्टीचा पोहणारा ठरला. या विद्येत सारी प्रतिष्ठा दमाची. माझा भाचा असाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही मालवणला गेलो, तेव्हा होडीत बसल्याबसल्या त्याने तिथल्या शिकवणाऱ्या तरुणाला ऐकवले, "मी दीड मिनिट दम धरतो बघा!"

तो तरुण हसला नाही. शांतपणे म्हणाला, "हय दम धरूचो नाय. श्वास घेत रव."

या चार शब्दांत सगळे शास्त्र आहे. पाण्यात दर १० मीटरांना, म्हणजे आपल्या भाषेत साडेपाच-सहा परसांना, हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरीत आपण छाती भरून घेतो ती काठावरची हवा. खाली जाताना ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. छातीला धोका नाही. नळकांड्याची गोष्ट निराळी. कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली जे उपकरण सिद्ध केले, ते भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात देते. १० मीटरांवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस ती कुठून देणार? ते फाटू शकते, आणि त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. म्हणून विहिरीतला पहिला धडा समुद्रात पहिल्यांदा विसरायचा.

भाच्याने ते ऐकले. होडीच्या कडेला अर्धा तास नुसता तोंडाने श्वास घेण्याचा सराव केला आणि मगच तो उतरला. काठाशी बसलेल्या माझ्या बहिणीने तेवढ्या वेळात किती देव पाण्यात ठेवले, ते तिलाच ठाऊक.

आता कोणी कुठे उतरावे?

ज्याला पोहता येत नाही, किंवा घरात लहान मूल आहे, त्याने तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच लावून पृष्ठभागावर तरंगावे. अंगात तरंगते जाकीट आणि सोबतीला माणूस असला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे उथळ पाणी यासाठी पुरते. शिवछत्रपतींनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या या किल्ल्याच्या पायथ्याशी प्रवाळ आहे, पट्टेदार मासे आहेत.

दुसरी पायरी, शिक्षकाने हात धरून थोडा वेळ खाली नेण्याची. मालवणात बहुतेक पाहुणे करतात ते हेच. हे दर्शन झाले, शिक्षण नव्हे. एवढ्यावर स्वतःला पाणबुड्या म्हणवू नये.

तिसरी पायरी खऱ्या शिक्षणाची. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. आधी खोल तलावात सराव, मग समुद्र. प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला १८ मीटरांपर्यंत, पुढचा करणाऱ्याला ३० मीटरांपर्यंत जाता येते.

अशा शिकलेल्यांसाठी वेंगुर्ल्याच्या समुद्रातले निवतीचे खडक. तिथे पाणी खोल आणि ओढ जास्त. २०२४ साली नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका याच भागात तळाशी ठेवून माशांना घर करून देण्याची योजना सरकारने हाती घेतली. आणि सर्वांत शेवटी आंग्रिया बँक! विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे हे बुडालेले पठार. त्याचा माथाच २० मीटरांच्या आसपास खोल. ते मुरलेल्यांचे काम. नवशिक्याने नकाशावरच पाहावे.

हंगाम ऑक्टोबर ते मे. डिसेंबर-जानेवारीत पाणी अधिक नितळ. पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नये.

घरच्या मंडळींनी होडीत बसण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शिक्षकाकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे का? एका शिक्षकामागे माणसे किती? होडीत प्राणवायूची सोय आहे का? आणि आपल्याला दमा, हृदयविकार किंवा नुसती सर्दी आहे का, हे त्यांनी विचारले का? सर्दीत कान मोकळे होत नाहीत. नाक दाबून हलकेच फुंकले तरी दाब सुटत नाही. जो हे विचारतच नाही, त्याच्या होडीत बसू नये.

खुणाही शिकून घ्याव्यात. आपण अंगठा वर केला की "छान!" समजतो, पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या". ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून.

आणखी एक. शिकलेल्या पाणबुड्याने दिवसभर उतरल्यावर त्याच रात्री घाट चढू नये. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देतो. आपल्याला तर आंबोली, फोंडा किंवा गगनबावडा यांपैकी एक घाट चढल्यावाचून घर नाही. एक मुक्काम वाढवावा. सोलकढी कुठे पळून जात नाही.

प्रवाळावर मात्र पाय ठेवू नका, माशांना बिस्किटे चारू नका. तो दगड नव्हे, जिवंत वसाहत आहे. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे.

भाचा वर आला तेव्हा आम्ही विचारले, "काय दिसलं रे?" तो म्हणाला, "मासे दिसले. पण मामा, खाली आपलाच श्वास ऐकू येतो." आता सुट्टीत तो धाकट्यांना पोहायला शिकवतो. किती वेळ दम धरला, हे मोजायचे मात्र त्याने सोडून दिले आहे.