छपाईची जाळी आणि वृद्धांचा श्वास

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा घराच्या पुढच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापतो. सासरे ऐंशीच्या घरातले, त्यांना जुना दमा. जाळी धुण्यास निर्धोक रसायन कोणते, असे त्या विचारतात.

सर्वस्वी निर्धोक असे कोणतेच नाही. मात्र निवडीला पुष्कळ वाव आहे. प्रथम शाई पाहावी. पिशव्यांची शाई पाण्यावर आधारित असेल, तर ती ओली असतानाच पाणी व साबण पुरेसे होतात. पत्रिकांच्या तैलयुक्त शाईला पाणी लागू पडत नाही आणि तेथे थिनर येतो. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन यांसारखे द्रव असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. खाली गादीवर पहुडलेल्या आजोबांच्या नाकाशीच म्हणा ना! दमेकऱ्याला त्याने धाप लागते. इतरांना भोवळ येते, आणि उतारवयात भोवळीने पडून खुब्याचे हाड मोडण्याचे भय असते. शिवाय देवघरातील समईच्या ज्योतीने ही वाफ पेट घेऊ शकते.

त्याऐवजी वनस्पती तेलापासून केलेले, सावकाश उडणारे द्रव मिळतात. वेळ थोडा अधिक लागतो, एवढेच. विक्रेत्याकडे सुरक्षा माहितीपत्रक मागावे. वाफ पेट घेण्याचे किमान तापमान ६० अंश सेल्सियसहून अधिक असलेला द्रव बरा. मिथिलीन क्लोराइड असलेला मात्र घरात आणूच नये. शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हृदयरुग्णाला तो घातक. संत्र्याच्या सुवासावरही भुलू नये; त्या सालीतील तेलाने त्वचेला ॲलर्जी होते.

जाळीवरचे कोटिंग काढण्यासाठी पुष्कळजण ब्लीचिंग पावडर वापरतात, तेही न्हाणीघरात. तेथेच फरशी धुण्याचे ॲसिड असते. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. सोडियम मेटापिरियॉडेटचे द्रावण त्या मानाने बरे, परंतु तेही डोळ्यांना व त्वचेला झोंबते. डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुऊन मग डॉक्टरांकडे जावे.

कापडी मास्क वाफ अडवीत नाही. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. दवाखान्यातील पातळ रबरी मोजे थिनरने फुगतात. धुण्याचे काम गच्चीत किंवा अंगणात करावे, आजोबांच्या खोलीचे दार-खिडकी तेवढा वेळ लावून घ्यावी. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

थिनर पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये. रात्री मंद उजेडात, मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती बाटली पाण्याचीच वाटते. चुकून घोट गेलाच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीवाटे ते फुप्फुसात उतरते. मूळ डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.