पगारातून कापलेले 135 रुपये

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीतल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये महिना 18 हजारांवर राबणाऱ्या हेल्परची सॅलरी स्लिप नीट वाचली, तर कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’समोर, म्हणजे कामगार राज्य विम्यासमोर, 135 रुपये दिसतात. पगाराचा पाऊण टक्का. त्यात मालकाने आपले सव्वातीन टक्के, म्हणजे 585 रुपये घालायचे असतात. असे महिन्याला 720 रुपये या कामगाराच्या नावाने भरले जातात. तरीही पोराला ताप आला की तो कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्यात रोख पैसे मोजतो, आणि बायकोचे ऑपरेशन निघाले की ठेकेदाराकडे उचल मागतो.

यात त्याचा अडाणीपणा शोधणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ईएसआयच्या दवाखान्यात जायचे तर पाळी बुडते, हजेरी कापली जाते. कार्ड ठेकेदाराच्या फायलीत पडून असते. स्वतःचा विमा क्रमांक त्याला कधी कुणी सांगितलेलाच नसतो. विमा म्हणजे गोळ्या-औषधे एवढेच त्याच्या कानावर आलेले असते, आणि तेवढ्यासाठी दिवस घालवणे त्याला परवडत नाही.

खरे तर या विम्याचा मोठा भाग औषधाच्या खिडकीपलीकडे आहे. आजारपणात घरी बसावे लागले तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. बाळंतपणाला 26 आठवडे भरपगारी रजा असते. कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत 90 टक्के, तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. कामावरच जीव गेला तर विधवेला आणि मुलांना दरमहा निवृत्तिवेतन. पगार 21 हजारांपर्यंत आणि कारखान्यात किमान 10 माणसे असली की हे सारे कायद्याने देणे लागते. दया म्हणून नव्हे.

मेख आहे ती ठेकेदारीत. आजारपणाचे पैसे मिळायला आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. विमा क्रमांक खरे तर आयुष्यभर एकच असायला हवा. पण ठेकेदार बदलला की नवा माणूस नवा क्रमांक काढून मोकळा होतो, जुनी वर्गणी जुन्या क्रमांकावर अडकते आणि 78 दिवस काही भरत नाहीत. दोन वर्षे चाकण-तळवडे-भोसरीत राबलेला माणूस कागदावर कायम नवखाच राहतो.

त्याहून वाईट प्रकार अपघातानंतर होतो. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी झटणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. पॉवर प्रेसखाली बोटे गमावलेल्या कामगारांच्या कहाण्या त्यात आहेत. त्यांतल्या बऱ्याच कामगारांचे ईएसआय कार्ड अपघात झाल्यावरच काढले गेले, असे हे अहवाल पुन्हा पुन्हा सांगतात. बोट तुटल्यावर विमा! कायदा याबाबत स्पष्ट आहे. मालकाने वर्गणी भरली नसली तरी कामगार राज्य विमा महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकते आणि पैसे मालकाकडून वसूल करू शकते. हे प्रेस शॉपमधल्या किती जणांना माहीत आहे?

8 डिसेंबर 2023 ची दुपार या पट्ट्यातले लोक विसरलेले नाहीत. चिखलीला लागूनच असलेल्या तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या विनापरवाना शेडला आग लागली. सहा महिला जागीच गेल्या, आणि पुढच्या दिवसांत मृतांचा आकडा वाढत गेला. अशा शेडमध्ये हजेरीचे रजिस्टरच धड नसते, तिथे वर्गणी कोण भरणार? ज्यांना विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचेच नाव कुठे लिहिलेले नसते.

अशा घरांसाठी दुसरा दरवाजा आहे तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. 1 जुलै 2024 पासून पिवळे, केशरी, पांढरे असा भेद न ठेवता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. रेशनकार्ड नांदेडचे असो की बुलढाण्याचे, पिंपरीत चालते. कुदळवाडीत भंगार वेचायला आलेल्या बिहारच्या कुटुंबाचे गावाकडचे आयुष्मान कार्डही इथल्या संलग्न रुग्णालयात चालते. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न घालता, आधारवर स्वतंत्र वय वंदना कार्ड मिळते. चिखलीच्या घरकुल वसाहतीतल्या किती आजींकडे ते आहे, हे घराघरांत जाऊनच कळेल.

या योजनेत पैशाहून मोलाचा आहे तो आरोग्यमित्र. संलग्न रुग्णालयाच्या आवारात त्याचे टेबल असते. कागद तपासणे, मंजुरी मिळवून देणे, तक्रार पुढे नेणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी रुग्णाने एक पैसाही द्यायचा नसतो. दाखल असताना रुग्णाचे जेवण, घरी परतायचे एक वेळचे भाडे, सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणी या गोष्टी पॅकेजमध्येच धरलेल्या आहेत. पण भेदरलेले नातेवाईक आधी बिलाच्या काउंटरवर पोहोचतात, तिथे अनामत भरतात, आणि आरोग्यमित्राचे टेबल त्यांना तिसऱ्या दिवशी दिसते.

सरकारी दर परवडत नाहीत, पैसेही उशिरा मिळतात, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते. ती खोटी नाही आणि सरकारने ती ऐकायलाच हवी. पण तो हिशेब सरकारशी मांडायचा. खाटेवरच्या माणसाच्या बायकोच्या मंगळसूत्रातून तो चुकता करणे गैर आहे.

चिखलीला नवी योजना नको आहे. आरोग्यमित्र रुग्णालयाच्या आवारातून वस्तीत आणायला हवा. महापालिकेने घरकुल, मोरेवस्ती, कुदळवाडी इथे आठवड्यातून एकदा, तेही रविवारी, माहितीचे टेबल मांडावे. ईएसआयचा माणूस आणि आरोग्यमित्र तिथे शेजारी शेजारी बसावेत, कारण लोकांच्या आयुष्यात हे दोन्ही विमे एकाच घरात असतात. मोठ्या कंपन्यांनी आपल्या ठेकेदारांचे बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक कामगाराच्या हातात त्याचा विमा क्रमांक पडला की नाही, एवढे पाहावे. त्याला खर्च येत नाही.

तोपर्यंत ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांनी आज घरी गेल्यावर सॅलरी स्लिपवरचा विमा क्रमांक एका कागदावर लिहून रेशनकार्डात ठेवावा, आणि घरच्यांना तो कुठे आहे ते दाखवावे. त्याच कागदावर दोन फोन नंबरही लिहून ठेवावेत. फुले योजनेचा 155388. ईएसआयचा 1800 11 2526. दोन्ही मोफत आहेत.