एका रुपयाची कुस्ती

परवा भाच्याने मोबाईलवर 'स्ट्रीट फायटर टू' लावून दिला. कॅपकॉमचा तोच १९९१ चा गेम, पण दहा मिनिटांत कंटाळलो. मजा गेली कुठे?

आमच्या सावद्यात मशीनपुढे दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. घड्याळ ९९ पासून उलटं मोजायचं. तीनपैकी दोन राउंड मारले की जिंकला. हरला त्याने बाजूला व्हायचं, मग तो कोणाचाही मुलगा असो. खाली, तिरपं, पुढे आणि ठोसा, एवढं जमलं की र्‍यूच्या हातून 'हादोकेन' सुटायचा. तो बापाच्या पैशाने सुटत नव्हता...

मला रोज हरवणारा पोरगा सुट्टीत केळीचे घड वाहायचा. वर्ग एकच, पण मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. शेवटी तिथेच विचारलं, "भो, हे कसं मारतो रे?" त्याने माझा हात धरून दांडी फिरवून दाखवली.

लोक म्हणतात, असे गेम मारामारी शिकवतात. मी तर हरायला शिकलो, आणि विचारायला. मोबाईलवर हरलो की नुसतं पुन्हा बटण दाबायचं. शेजारी विचारायला आहे कोण?