खांद्याच्या शस्त्रकर्मानंतरचा ट्रायथलॉनपटू आणि आपले उत्तरदायित्व

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांतून एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ पूर्ण करण्याच्या ट्रायथलॉन या स्पर्धेची तयारी करणारा हा वर्ग होय. १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे सुरू झालेला हा क्रीडाप्रकार २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाला. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथील ‘आयर्नमॅन’ स्पर्धा पूर्ण केली आणि २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे अशी ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा झाली. नोकरी-व्यवसाय सांभाळून चाळिशीनंतर या स्पर्धेकडे वळलेली मंडळी आता आपल्या ओळखीतच आढळतात.

या मंडळींपैकी काहींच्या खांद्यावर शस्त्रकर्माची वेळ येते. सायकलवरून हातावर पडणे अथवा पोहण्याचा अतियोग ही त्याची नेहमीची कारणे. खांद्याभोवतीच्या चार स्नायूंच्या कंडरा मिळून जे आवरण बनते, ते ‘रोटेटर कफ’ फाटल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने ते पुन्हा अस्थीला जोडले जाते. शस्त्रकर्म यशस्वी होते आणि दीड-दोन महिन्यांनी रुग्ण आपल्याकडे येतो. त्याला वेदना व स्तब्धता घालवावयाची असते आणि तलावात पुन्हा केव्हा उतरता येईल, हे जाणून घ्यावयाचे असते. या टप्प्यावर आपण काय करावे, याविषयी आमचे मत येथे मांडत आहोत.

वेदनाशमन आणि संधानाची दृढता या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेदनाशमनात आपले शास्त्र समर्थ आहे. स्थानिक स्नेहन-स्वेदनाने व वातशामक कल्पांनी अनेक रुग्णांना थोड्या दिवसांत आराम पडतो. परंतु कंडरेचे अस्थीशी होणारे संधान कालाधीन आहे. साधारणतः पहिले चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये ठेवला जातो. त्यानंतर हळूहळू स्वतःच्या बळाने हालचाल आणि सुमारे तीन महिन्यांनंतर बलवर्धक व्यायाम, असा क्रम शल्यचिकित्सक सामान्यतः आखून देतात. भेग मोठी असल्यास अथवा वय अधिक असल्यास हा काळ आणखी वाढतो. दुसऱ्या महिन्यात वेदना गेली तरी सांधलेली कंडरा अद्याप कोवळीच असते. वेदना हा रुग्णाला थांबविणारा एक पहारेकरी आहे. तो आपण दूर केला, तर त्याच्या जागी पहारा देण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

ट्रायथलॉनमध्ये खांद्यावर किती भार येतो, हे साध्या गणिताने कळते. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत १.५ किलोमीटर पोहावे लागते. दर २५ मीटरला वीस हात मारावे लागतात असे धरले, तर एकूण बाराशे हात होतात, म्हणजे प्रत्येक खांद्याला सहाशे आवर्तने. सरावात हे आठवड्यातून अनेकदा घडते. कोवळ्या कंडरेवर हा भार घालण्यास ‘आता दुखत नाही’ एवढे कारण पुरेसे नाही.

आपल्या संहितांची दृष्टीही याहून वेगळी नाही. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत संधी स्थिर होण्याचा काळ वयानुसार सांगितला आहे. पूर्व वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट. हा काळ अस्थिभग्नाचा आहे, तो कंडरेला जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि, चाळिशीच्या रुग्णाने विशीतील खेळाडूशी बरोबरी करू नये, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. त्याच प्रकरणात हाताच्या भग्नानंतर आधी मातीचा गोळा धरावयास द्यावा आणि हाताला बळ आल्यावर पाषाण धरावयास द्यावा, असा उपदेश आहे. आजचे फिजिओथेरपिस्ट रबरी पट्टीपासून वजनापर्यंत जो क्रम ठेवतात, त्याचे मर्म हेच आहे. अंस हे स्नायुमर्म असून त्याच्या आघाताने बाहूला स्तब्धता येते आणि ते वैकल्यकर आहे, हेही आपण सर्व जण शिकलेलो आहोत.

यावर काही वैद्यबांधवांचा आक्षेप असा की, वेळीच जोरकस स्नेहन-स्वेदन व चालन केले नाही तर खांदा जखडतो आणि अवबाहुकासारखी अवस्था येते. ही भीती निराधार नाही. मधुमेही रुग्णांत तर तिचा विचार अवश्य करावा. परंतु शस्त्रकर्मानंतरची स्तब्धता बहुतांश रुग्णांत कालांतराने व योग्य व्यायामाने सुटते, तर पुन्हा फाटलेली कंडरा पुन्हा शस्त्रकर्माच्या दारात नेऊन सोडते आणि दुसऱ्या वेळचे संधान पहिल्यापेक्षा अवघड असते. दोन हानींपैकी कोणती सुधारता येण्याजोगी आहे, याचा विचार करून मर्यादा आखावी. हात खेचून, ताण देऊन केलेले मर्दन या काळात पूर्णतः वर्ज्य समजावे. व्रणाचे मुख पूर्ण भरून येईपर्यंत त्यावर वा त्याच्या लगत तैलाभ्यंगही करू नये. ज्वर, स्राव, वाढती रात्रिवेदना किंवा हाताचे बळ अकस्मात कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

या खेळाची जमेची बाजू अशी की, तो तीन अंगांचा असल्याने रुग्णाला संपूर्ण निष्क्रिय राहावे लागत नाही. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने आरंभी चालणे, नंतर हातावर भार न देता घरातील स्थिर सायकल, असा आरंभ करता येतो. धावताना खांद्याला हिसके बसतात व पडण्याची भीती असते, म्हणून ते स्लिंग निघून हाताची हालचाल सहज झाल्यावरच. रस्त्यावरील सायकलीत हँडलवर शरीराचा भार पडतो, तेव्हा ती त्याही नंतर. पोहण्याचा क्रम सर्वांत शेवटी. व्रण भरल्यावर व अनुमती मिळाल्यावर प्रथम हात अंगालगत ठेवून केवळ पायांचा सराव करावा. फळी पुढे धरून पाय मारणे निरुपद्रवी वाटते, पण त्यात खांदा वर ताणलेला राहतो. हात मारून पोहणे सामान्यतः पाच-सहा महिन्यांनंतर, तेही थोड्या अंतरापासून. धक्काबुक्की होणाऱ्या समुद्रातील स्पर्धा तर आणखी दूर ठेवाव्यात. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा दिनचर्येतील नियम रुग्णाला समजावून सांगण्यास याहून योग्य प्रसंग नाही.

आहाराकडेही लक्ष हवे. वजन वाढेल या भीतीने हे रुग्ण विश्रांतीच्या काळात लंघन व रूक्ष अन्न यांचा आश्रय घेतात. भग्नरुग्णाला दूध, तूप, शालीचा भात, यूष, मांसरस असा बृंहण आहार सांगितला असून रूक्षान्न निषिद्ध आहे. अग्नी पाहून तो द्यावा आणि वजनाची चिंता स्पर्धेच्या वर्षासाठी राखून ठेवण्यास सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. स्पर्धक खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळल्यास त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते. ‘वैद्यांनी दिले होते’ एवढ्याने त्याची सुटका होत नाही. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे आणि खांद्याच्या वातविकारांत सर्रास दिली जाणारी विषतिंदुक वटी कुचल्याचीच असते. सोमकल्पातील इफेड्रिन ठराविक मात्रेपलीकडे आणि विजयेतील द्रव्ये यांनाही स्पर्धाकाळात बंदी आहे. आपल्या देशात २०२२ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही झाला आहे. याउपर बाजारात ‘सांधेदुखीवर हमखास’ म्हणून निनावी चूर्णे विकली जातात. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा धोका खेळाडूच्या कारकिर्दीला व आपल्या शास्त्राच्या प्रतिष्ठेला सारखाच घातक आहे. अशा रुग्णाला घटकद्रव्ये न छापलेली एकही पुडी देऊ नये.

आमच्या मते प्रत्येक वैद्याने अशा रुग्णाच्या बाबतीत तीन नियम पाळावेत. शस्त्रकर्माचा लेखी सारांश पाहिल्याविना खांद्याला हात लावू नये. आपण काय देत आहोत, याची चिठ्ठी शल्यचिकित्सक व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे पाठवावी. आणि रुग्ण स्पर्धेत उतरणार आहे काय, हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर नोंदवावे. यात आपला कमीपणा होतो, असे काहींना वाटेल. आम्हास तसे वाटत नाही. शस्त्रकर्म एका दिवसात पार पडते. त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांत रुग्णाच्या निद्रेकडे, अग्नीकडे, बळाकडे आणि उतावीळ मनाकडे लक्ष देणारे कोणी तरी लागते. हे काम आपल्या शास्त्राला सहज साधण्याजोगे आहे. खेळाडू एक हंगाम उशिरा, पण शाबूत खांद्याने पाण्यात उतरला, तर त्या यशात आपलाही वाटा राहील.